उताराखालची माणसे



व्याख्यानमालेचे चिटणीस माझ्याकडे विषय विचारायला आले आणि मी ‘बर्फाच्या दरडी’ असे सांगितले, तेव्हा ते क्षणभर गप्पच झाले. मग म्हणाले, “भाऊ, ऊन किती तापलेय! तुम्ही आपले वेतनकरारावर बोला की.” त्यांचे चुकले नाही. मारुंजीत बर्फ म्हणजे रसवंतीतला, नाही तर गोळेवाल्याच्या रंध्यावरचा. ज्या माणसाचा जन्म कारखान्याच्या फाटकावर पत्रके वाटण्यात गेला, ज्याचे शिक्षण सातवीला सुटले आणि पुढचे सगळे रात्री शब्दकोश शेजारी ठेवून झाले, त्याने हिमालयातल्या बर्फावर का बोलावे, अशी शंका तुमच्याही मनात आली असेल. ती थोडा वेळ तशीच राहू द्या.

मी बर्फ पहिल्यांदा पाहिला तो पन्नाशीला आल्यावर. चंदिगडला कामगार संघटनांची बैठक होती. ती आटोपल्यावर आम्ही चौघे मनालीला गेलो. मार्च महिना होता. सोलंगच्या वाटेवर रस्ता मोकळा करणारी एक टोळी भेटली. झारखंडकडची मुले होती, हातात फावडी, पायात रबरी बूट. मी सवयीप्रमाणे रोज किती मिळतो, राहता कोठे, हे विचारू लागलो. त्यांतल्या एकाने माझ्या प्रश्नाला उत्तर न देता मला दंडाला धरून वीस पावले बाजूला नेले आणि समोरचा उतार दाखवून म्हणाला, “चाचाजी, यहाँ खडे मत रहो.” तो उतार मला अगदी निरुपद्रवी दिसत होता. पांढरा, गुळगुळीत, एखाद्या धुतलेल्या धोतरासारखा. त्या मुलाला त्यात काय दिसले, हे समजून घेण्याच्या नादात मी पुढची काही वर्षे या विषयावर मिळेल ते वाचीत आलो आहे. त्यातले थोडेसे आज तुमच्यापुढे ठेवतो.

वर्तमानपत्रे याला हिमस्खलन म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण आपल्या आजीच्या तोंडी तो कधी नव्हता, कारण आपल्या डोंगरांना बर्फाची ओळख नाही. दरड हा शब्द मात्र आपला आहे. मी आपला हिमदरड म्हणतो. पंडितांनी क्षमा करावी.

आपण समजतो की बर्फ म्हणजे एक वस्तू. तसे नाही. डोंगरावरचा बर्फ म्हणजे गोधड्यांची चळत असते. प्रत्येक हिमवर्षावाची एक गोधडी. कोणती जाड, कोणती पातळ, कोणती वाऱ्याने ठोकून घट्ट केलेली, कोणती कापसासारखी भुसभुशीत. जोवर या गोधड्या एकमेकींना चिकटून आहेत तोवर चिंता नाही. पण मधली एखादी कच्ची निघाली, तर तिच्यावरचे सगळे ओझे एकदम सुटते आणि एखाद्या फरशीसारखे सरकत खाली येते. माणसे मारणाऱ्या हिमदरडी बहुतेक या जातीच्या असतात.

हा कच्चा थर कसा होतो, ते ऐकण्यासारखे आहे. बर्फाखालची जमीन उबदार राहते, म्हणजे शून्य अंशाच्या आसपास. वरची हवा मात्र निरभ्र रात्री उणे पंधरा, उणे वीस इतकी उतरते. बर्फाचा थर पातळ असेल तर या दोहोंच्या ओढाताणीत खालची वाफ वर चढू लागते आणि वाटेतल्या कणांचे रूप पालटते. त्यांचे एकमेकांना धरलेले हात सुटतात, कंगोरे येतात, आणि काही दिवसांत तळाशी जाड साखरेसारखा सुटा थर तयार होतो. मुठीत धरला तर त्याचा लाडू वळत नाही. म्हणजे पाहा, ज्या वर्षी सुरुवातीला बर्फ कमी पडला आणि थंडी कोरडी पडली, ते वर्ष पुढे अधिक घातकी ठरू शकते. बर्फ कमी तर धोका कमी, हा आपला सरळ हिशेब तेथे चालत नाही.

घरी एक प्रयोग करून पाहा. पोळपाटावर साखर पसरा, वर पुठ्ठा ठेवा, पुठ्ठ्यावर दोनतीन वह्या ठेवा आणि पोळपाट एका बाजूने हळूहळू उचला. बराच वेळ काहीच होत नाही. मुले कंटाळतात. मग एका क्षणी नुसत्या बोटाच्या टिचकीने सगळे एकदम निघते. ती टिचकी म्हणजे डोंगरावरचा माणूस. सहलीला, बर्फावर घसरायला गेलेल्या लोकांचे जे अपघात परदेशांत अभ्यासले गेले, त्यांत दहांपैकी सुमारे नऊ वेळा दरड सुटली ती सापडलेल्या माणसाच्याच किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनाने.

आणि उतार किती लागतो? मला वाटे, कडा जितका उभा तितका धोका जास्त. पण अगदी उभ्या कड्यावर बर्फ टिकतच नाही, पडतो तसा गळत राहतो. घातक असतात ते मधले उतार, तीस ते पंचेचाळीस अंशांचे. तीसपस्तीस अंश म्हणजे किती? तुमच्या घरचा जिना चढता ना, साधारण तेवढा. ज्या चढावर माणसाला भीती वाटत नाही, आणि ज्याच्या पायथ्याशी सपाट जागा पाहून तंबू ठोकावा, घर बांधावे असे वाटते, तोच उतार.

जाणकार मंडळी काही खुणा सांगतात. चोवीस तासांत फूटभर किंवा अधिक नवा बर्फ पडला. वाऱ्याने एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला टाकला. ऊन एकाएकी तापले किंवा बर्फावर पाऊस पडला. शेजारच्या उतारावर नुकतीच दरड आली. आणि सगळ्यांत स्पष्ट खूण म्हणजे पाय ठेवताच बर्फातून ‘धुप्प’ असा दबका आवाज येतो आणि पायापासून भेग पळत जाते. आत कच्चा थर बसला, त्याचा तो आवाज. बर्फ बोलतो. ऐकणाऱ्याने तेथून निघावे इतकेच.

या शेवटच्या खुणेपाशी पुस्तक वाचताना मी थांबलो आणि त्या रात्री पुढे वाचले नाही. त्याचे कारण सांगतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. चाकणच्या बाजूला एका कारखान्याच्या विस्ताराचे काम चालले होते. कारखान्याचे नाव घेत नाही, ठेकेदाराचेही नाही. आत आमची संघटना होती आणि वेतनकराराची बोलणी रंगात आली होती. बाहेर ठेकेदाराची माणसे सांडपाण्याच्या नळासाठी चर खणीत होती. दहाबारा फूट खोल चर, दोन्ही बाजूंना आधाराची एक फळी नाही, आणि काढलेल्या मातीचा ढीग अगदी काठावर. ती माणसे आमची सभासद नव्हती. त्यांत मराठवाड्यातला एक वयस्क गडी होता. दुपारच्या सुट्टीत तो मला म्हणाला, “भाऊ, माती बोलाया लागली. काठाला भेग पडली. मुकादमाला सांगा, तो माझं ऐकत न्हाई.” मी मुकादमाला सांगितले. तो म्हणाला, दोन दिवसांचे काम राहिले आहे. मी व्यवस्थापकांकडे जाऊ शकत होतो. पण त्या दुपारी आमची बैठक होती, महागाई भत्त्याचा मुद्दा जमत आला होता, आणि परक्या माणसांचा विषय काढून ती बोलणी कशाला नासवा, असे माझ्या मनात आले. मी गप्प राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी चराची बाजू बसली. दोघे गाडले गेले. एकाचा हात वर दिसत होता, त्याला सोबत्यांनी घमेल्यांनी आणि हातांनी उकरून चारपाच मिनिटांत बाहेर काढले. तो वाचला. दुसरा कोठे आहे हेच कळेना. यंत्र येईपर्यंत, जागा सापडेपर्यंत अर्धा तास गेला. तो दुसरा म्हणजे मला सांगणारा तोच गडी. करार आमचा चांगला झाला त्या वर्षी.

बर्फात गाडलेल्या माणसाचा हिशेब याहून वेगळा नाही. पहिल्या दहापंधरा मिनिटांत बाहेर काढला तर दहांतले सुमारे नऊ जगतात. अर्धा तास उलटला की तिघांतला एक. बर्फ थांबताक्षणी सिमेंटसारखा आवळतो, बोटसुद्धा हलवता येत नाही. त्यामुळे हेलिकॉप्टर येईल, पथक येईल, ही आशा बहुधा खोटी. वाचवतो तो जवळचा सोबती, आणि त्याच्यापाशी तीन वस्तू असाव्या लागतात: गाडलेल्या माणसाच्या अंगावरच्या यंत्राचा संदेश पकडणारे तसलेच यंत्र, टोचून पाहण्याची लांब सळई आणि फावडे. आपल्याकडची हजारो मुलेमुली आता सुट्टीत हिमालयात जातात. हिंजवडीच्या कचेऱ्यांतून तर पथकेच्या पथके निघतात. हिवाळी वाटेला जाणार असाल तर घेऊन जाणाऱ्याला विचारा की या तीन वस्तू आहेत का, आणि त्या वापरायचा सराव करून घेणार का. तो हसला तर पैसे परत मागा.

नुसत्या अनुभवानेही माणूस वाचत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी ‘द्रौपदी का डांडा’ शिखराजवळ हिमदरडीत सापडली आणि एकोणतीस जण गेले. शिकणारेही गेले आणि शिकवणारेही. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचेनवर एकोणीस हजार सहाशे फुटांवरच्या सोनम ठाण्यावर बर्फाचा प्रचंड कडा कोसळला, दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातल्या मस्करवाडीचा एक मुलगा होता. धारवाडकडचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले, साऱ्या देशाने श्वास रोखून धरला, पण ११ फेब्रुवारीला तेही गेले. सीमेच्या पलीकडे २०१२ च्या एप्रिलमध्ये गयारी येथे एकशे चाळीस माणसे अशीच एका पहाटे बर्फाखाली गेली होती. बर्फाला दोन्ही बाजूंचे गणवेश सारखेच.

आता ज्या घटनेसाठी मी हा विषय घेतला तिच्याकडे येतो. २८ फेब्रुवारी २०२५. उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात, बद्रीनाथच्या पुढे माणा नावाचे गाव आहे. त्याच्याजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामावरच्या मजुरांचा तळ होता. काम कोणते? रस्त्यावरचा बर्फ काढायचे. बिहार, उत्तर प्रदेश, हिमाचल, पंजाब अशा ठिकठिकाणची माणसे. राहायला लोखंडी कंटेनर आणि एक शेड. सकाळी वरून दरड आली. चौपन्न माणसे सापडली. सैन्याने, सीमा पोलिसांनी, आपत्ती दलांनी तीन दिवस जिवाचे रान केले. शेचाळीस वाचले, आठ गेले. त्या जवानांना दंडवत घालावा तितका थोडा, त्याबद्दल वाद नाही.

पण माझ्यासारख्या माणसाची नजर दुसरीकडे जाते. आदल्या दिवशी संध्याकाळीच चमोली आणि शेजारच्या जिल्ह्यांना, चोवीसशे मीटरांच्या वरच्या भागासाठी, हिमदरडीचा इशारा दिलेला होता. तो देणारी संस्था आपलीच. १९६९ साली मनालीला बर्फाच्या अभ्यासासाठी सैन्यसंशोधनाची एक संस्था निघाली, तिचेच आजचे रूप. माणा सुमारे बत्तीसशे मीटरांवर. म्हणजे ज्ञान होते, यंत्रे होती, इशारा होता, तो वेळेवर होता. आणि चौपन्न माणसे त्या रात्री उताराखालीच झोपली. इशारा कागदावरून निघून त्या कंटेनरच्या दारापर्यंत गेला का, गेला असेल तर दार वाजवून “उठा, खाली चला” म्हणण्याचा अधिकार कोणाला होता, आणि मजुरांतल्या एखाद्याला भीती वाटली असती तर “मी आज येथे झोपणार नाही” म्हणून त्याचा रोज टिकला असता का, हे ते प्रश्न. लोखंडी कंटेनरमुळेच आत हवा राहिली आणि कित्येक वाचले, असे पुढे सांगण्यात आले. खरे असेल. पण कंटेनर कोठे ठेवायचा हे त्यात झोपणारा ठरवीत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळे दूरचे. मग माळीण किती दूर आहे? आपल्याच पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात. ३० जुलै २०१४ ची सकाळ. नेहमीच्या फेरीवर गेलेल्या एस.टी.च्या चालकाला समोर गाव दिसेना, नुसता चिखल दिसला, तेव्हा जगाला कळले. दीडशेहून अधिक माणसे गेली. उतार खणण्यावरून, सपाटीकरणावरून, पावसावरून पुढे पुष्कळ वाद झाले. त्यात मी शिरत नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातले तळिये. ऐंशीहून अधिक माणसे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इरशाळवाडी. सत्तावीस मृतदेह हाती आले, सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. ही वाडी धोक्याच्या गावांच्या यादीत नव्हती, असे तेव्हा सांगितले गेले.

यादीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. ऑस्ट्रियात गाल्ट्यूर नावाचे गाव आहे. शास्त्रात आपल्या कितीतरी पुढे. नकाशावर तांबडा, पिवळा आणि हिरवा असे पट्टे काढलेले. हिरवा म्हणजे निर्धास्त. २३ फेब्रुवारी १९९९ रोजी दरड आली ती पट्टे ओलांडून हिरव्यात शिरली आणि त्या गावात एकतीस माणसे गेली. त्यांनी मग काय केले? यादीत नव्हते म्हणून हात झटकले नाहीत. नकाशे पुन्हा काढले, भिंती बांधल्या, कोणत्या परिस्थितीत गाव रिकामे करायचे याचे नियम पुन्हा तपासले. स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसच्या वरच्या डोंगरावर १९३६ पासून माणसे बर्फात खड्डे खणून थर मोजीत बसली आहेत. तरीही १९५० – ५१ च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये अडीचशेहून अधिक बळी गेले, आणि त्यानंतर उतारावर लोखंडी कुंपणे, वृक्षराजी, रोजचा इशारा ही कामे जोराने झाली. डोंगर तेच राहिले, फक्त त्यांच्याकडे रोज पाहणारा कोणी तरी पगारावर नेमला गेला.

बर्फाच्या पुस्तकांत मला सर्वांत आवडली ती एक साधी रीत. चांगली पथके निघण्याआधीच ठरवतात की वाटेत कोणीही एक जण, मग तो पथकातला सर्वांत नवखा का असेना, “मला हा उतार ठीक वाटत नाही” म्हणाला की सगळ्यांनी परत फिरायचे. मतदान नाही, चेष्टा नाही, कारण विचारायचे ते खाली उतरल्यावर. बहुमताची सवय लागलेल्या माझ्यासारख्या संघटनावाल्याला हे प्रथम पटेना. दहा जण हो म्हणतात आणि एक नाही म्हणतो, तर एकाचे ऐकायचे? पण त्या चरापाशीसुद्धा एकच जण नाही म्हणत होता.

आपल्या कायद्यात काय आहे? भोपाळच्या नंतर १९८७ साली कारखान्यांच्या कायद्यात कलम ४१ एच घातले गेले. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात प्राणावर बेतेलसे वाटले तर कामगाराने ते मालकाच्या नजरेस आणावे आणि मालकाने तत्काळ उपाय करावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या संहितेत हा अधिकार सर्वच आस्थापनांतल्या कामगारांसाठी आहे. चांगले झाले. पण नजरेस आणणे निराळे आणि चरातून बाहेर येऊन उभे राहणे निराळे. त्या गड्याने नजरेस आणले होतेच की! मुकादमाच्या आणि माझ्याही.

चार वर्षांपूर्वी आम्ही एका कारखान्यात, तेथील व्यवस्थापनाशी पुष्कळ झगडून, करारात एक कलम घालून घेतले. खणणे, उंचीवरचे काम आणि बंद टाकीतले काम, या तीन ठिकाणी कोणाही एका माणसाने, मग तो कायम असो की ठेकेदाराचा, “नाही” म्हटले की काम थांबेल आणि सुरक्षा अधिकारी येऊन पाहीपर्यंत थांबलेलेच राहील. आतापर्यंत ते दोनदा वापरले गेले. एकदा टाकीत खरोखरच वायू निघाला. दुसऱ्यांदा काहीच निघाले नाही. पोराने उगाच घाबरून काम थांबवले होते. तेव्हा आमच्याच काही सभासदांनी त्याची टर उडवली, आणि ठेकेदाराने त्याचा अर्ध्या दिवसाचा रोज कापला. त्या अर्ध्या दिवसाच्या रोजासाठी आमचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. परवा व्यवस्थापकांनी मला विचारले, “भाऊ, एवढ्याशा पैशांसाठी किती कागद खर्च कराल?” मी त्यांना माणाची गोष्ट सांगितली, आणि पुढचे पत्र त्यांच्या टेबलावर ठेवून आलो.